आर्गनच्या नावाखाली राइस ब्रॅन, शियाच्या नावाखाली पाम: 94,700 रुपये गेले

एका विक्रेत्याने आम्हाला आर्गन या महागड्या मोरोक्कन तेलाच्या नावाखाली राइस ब्रॅन, म्हणजे भाताच्या कोंड्याचं तेल विकलं, आणि शिया बटर, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांचं घट्ट तेल, त्यात पाम मिसळून दिलं. आधी आकडे सांगते. आर्गन तेल 20 किलो, 1,650 रुपये दराने 33,000. शिया बटर 25 किलो, 420 रुपये दराने 10,500. जीएसटी धरून 45,675, वाहतूक 1,125, म्हणजे 46,800. सगळे आगाऊ भरले. नंतर प्रयोगशाळेत तीन नमुने तपासले त्याचे 7,600. त्या तेलातून केलेल्या केसांच्या सीरमच्या 62 बाटल्या विकल्या गेल्या होत्या, त्या प्रत्येकी 650 रुपये देऊन परत घेतल्या, ते 40,300. एकूण 94,700. साबण-क्रीम करणाऱ्या आम्हा तिघींचे हे पैसे आहेत.

आधी सॅम्पल येतं, सॅम्पल अस्सल असतं, मग माल येतो. हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही ठाऊक होतं. तरीही फसलो, म्हणून कसं फसलो ते लिहिते आहे.

आर्गन जवळजवळ सगळं मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातून येतं, अगादीर, एसाविरा, तारूदांत या पट्ट्यातून. फळं वाळवायची, वरची साल काढायची, आतली दगडासारखी कठीण बी दोन दगडांमध्ये धरून हाताने फोडायची. दिवसभर फोडून एका बाईच्या हाती किलो-दीड किलो गर येतो. एक लिटर तेलाला साधारण अडीच ते तीन किलो गर लागतो, म्हणजे 30 किलोच्या आसपास फळं. एका लिटरमागे दोन दिवस नुसतं बिया फोडण्यातच जातात. त्यात मोरोक्कोतल्या सलग दुष्काळाने फळ घटलं आणि भाव चढले. अशा वेळी कोणी गेल्या वर्षीपेक्षा कमी दर सांगतो, तेव्हा तिथेच थांबायला हवं होतं. विक्रेता म्हणाला, "कंटेनर थेट आणतो, मधला दलाल नाही." आम्हाला ते पटलं, कारण मधले दलाल खरोखरच दर दुप्पट करतात.

पण दरापेक्षा जास्त मनाला लागतो तो कागद. मालाबरोबर सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला आला होता. त्यावर तेलातल्या फॅटी ॲसिडचे, म्हणजे मेदाम्लांचे टक्के लिहिलेले: पामिटिक 11–15, स्टिअरिक 4–7, ओलिक 43–49, लिनोलिक 29–36. तेल तपासलं की एक आकडा येतो, 12.8 किंवा 46.1 असा. किमान-कमाल असा पट्टा येतो तो मानकात. कुठल्या तरी स्पेसिफिकेशनचा कागद उतरवून खाली शिक्का मारला होता, हे त्या चार ओळींतच दिसत होतं. बॅच क्रमांकसुद्धा कॅनवर वेगळा आणि कागदावर वेगळा होता. तो कागद आम्ही तिघींनी पाहिला, फाइलला लावला आणि कॅन उघडला. फाइल समोर आली की आजही पोटात ढवळतं.

आमची बाजूही सांगते. राइस ब्रॅन तेलाने आर्गनची नक्कल करणारा माणूस अडाणी नसतो. राइस ब्रॅनमध्येही ओलिक 40 च्या पुढेमागे, लिनोलिक तिशीत. रंगही जवळपास तसाच सोनेरी. वासाचं म्हणाल तर कॉस्मेटिक आर्गन न भाजलेल्या गरातून काढतात, त्याला मंद शेंगदाण्यासारखा वास असतो. डिओडराइज्ड केलं, म्हणजे प्रक्रिया करून वास काढला, की तोही जातो, आणि "डिओडराइज्ड आहे" असं विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलेलं. हातावर लावून, वास घेऊन हे कोणालाच ओळखता आलं नसतं. संशय आला तो एका नेहमीच्या ग्राहकामुळे. सीरमने केस चिकट राहतात अशी तक्रार आली आणि आम्ही कॅनमधलं तेल प्रयोगशाळेत पाठवलं.

अहवाल असा: पामिटिक 18.6, स्टिअरिक 2.1, ओलिक 41.9, लिनोलिक 33.4, लिनोलेनिक 1.3, अनसॅपॉनिफायेबल (साबण न होणारा भाग) 3.6 टक्के. आर्गनमध्ये स्टिअरिक चारच्या वर असतं, लिनोलेनिक 0.3 च्या आत आणि अनसॅपॉनिफायेबल एक टक्क्याच्या आसपास. हे आकडे राइस ब्रॅनचे. सॅम्पलच्या बाटलीत थोडं तेल उरलं होतं, तेही पाठवलं. त्यात स्टिअरिक 5.8, लिनोलेनिक 0.1. सॅम्पल खरं आर्गन होतं.

राइस ब्रॅन वाईट तेल नाही. किराणा दुकानात आर्गनपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतं आणि त्वचेलाही चालतं. चीड याची येते की तेच आम्ही आर्गनचं लेबल लावून 62 जणांना विकलं. आणि शेंगदाणा तेलाचंही फॅटी ॲसिड प्रोफाइल आर्गनच्या बरंच जवळ जातं. उद्या कोणी ते मिसळलं आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाने लावलं तर?

शियाची गोष्ट वेगळी. शिया येतं घाना, बुर्किना फासो, मालीकडून. त्यात पामिटिक 3 ते 8 टक्के असतं, आमच्यात निघालं 21. पाममध्ये ते 44 च्या घरात असतं, म्हणजे साधारण चाळीस टक्के पाम. बोटांत चोळल्यावर दाणे लागत होते, पण शिया वितळून सावकाश थंड झालं की खरंही दाणेदार होतं. विक्रेत्यानेच आधी सांगितलं, "प्रवासात वितळलंय, दाणे येतील." साबणातही लक्षात आलं नाही. शियाचा साबण करायला ग्रॅममागे 0.128 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, पामला 0.142. किलोभर तेलांच्या घाण्यात 300 ग्रॅम शिया धरलं तर कॉस्टिक जेमतेम दोन ग्रॅम कमी पडतो. तेवढ्याने साबणात फरक जाणवत नाही.

फ्रीजमध्ये ठेवा, घट्ट झालं तर खरं, असं सांगणाऱ्यांवर विसंबू नका. ऑलिव्हही फ्रीजमध्ये गढूळ होतं. कागदावर डाग पाडून बघण्यातही अर्थ नाही, तेल कुठलंही असो, डाग पडतोच. घरी जमण्यासारखी एकच चाचणी उपयोगी, तीही फक्त खनिज तेलासाठी: एक मिली तेल, 25 मिली अर्धा-नॉर्मल तीव्रतेचं अल्कोहोलिक पोटॅश (अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कॉस्टिक पोटॅश), गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून स्वच्छ होईपर्यंत उकळायचं, मग 25 मिली गरम डिस्टिल्ड पाणी घालायचं. गढूळ झालं तर खनिज तेलाचा संशय धरा. अल्कोहोल पेटतं, गॅसच्या ज्योतीवर करू नका. एका वनस्पतीतेलात दुसरं मिसळलेलं पकडायला मात्र प्रयोगशाळाच लागते. नुसतं फॅटी ॲसिड प्रोफाइल पुरत नाही, हुशार माणूस दोन-तीन तेलं मिसळून ते जुळवतो. स्टेरॉल प्रोफाइल मागा; स्टेरॉल म्हणजे तेलात थोड्या प्रमाणात असणारी संयुगं. खऱ्या आर्गनमध्ये शॉटेनॉल आणि स्पिनास्टेरॉल असतात आणि कॅम्पेस्टेरॉल नावापुरतं, एकूण स्टेरॉलच्या 0.4 टक्क्यांच्या आत. सोया, सूर्यफूल, राइस ब्रॅन काहीही मिसळलं तरी कॅम्पेस्टेरॉल वर येतं.

त्याच दरपत्रकात बाओबाब आणि मारुला या आफ्रिकी झाडांच्या बियांची तेलंही होती. बाओबाब म्हणजे आपल्याकडची गोरखचिंच. त्याची नक्कल सरकीच्या तेलाने करता येते, कारण पामिटिक जुळतं आणि हाल्फेन या रंग बदलणाऱ्या चाचणीत दोन्ही लाल होतात. फरक लिनोलिकमध्ये: सरकीत पन्नासच्या आसपास, बाओबाबमध्ये तिशीच्या आसपास. मारुलात ओलिक सत्तरच्या वर हवं, पण हाय-ओलिक सूर्यफुलातही तसंच असतं. तिथेही स्टेरॉलच बघा.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" अहवाल दाखवला तर म्हणे हा व्यापारातला वाद, दिवाणी दावा लावा. दुसऱ्या खेपेला सांगितलं विक्रेता परराज्यातला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे छापून नेलं, तर साहेब नाहीत, सोमवारी या. सोमवारी साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला अर्जावर पोच मिळाली, तीही मागून घ्यावी लागली. औषध विभागाच्या कार्यालयात सांगितलं, हा कच्चा माल आहे, तयार सौंदर्यप्रसाधन नाही, आमच्याकडे येत नाही. आणि लगेच आमचाच कॉस-8, म्हणजे सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा परवाना मागितला, आमच्याच 62 बाटल्यांचा हिशोब विचारला. ज्याने खोटं तेल विकलं त्याला साधी नोटीस नाही, ज्यांनी स्वतःहून बाटल्या परत घेतल्या त्यांची चौकशी! ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर उत्तर, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला सूट आहे. ते कलम त्या माणसाला वाचून दाखवावं लागलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, वकील घ्या.

म्हणून पैसे पाठवण्याआधी: वीस टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ नाही. सीओएवर पट्टा असेल तर परत पाठवा. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सच्या कागदाची प्रत मागा, दर झाकून दिली तरी चालेल, पण तारीख, वजन आणि मूळ देश दिसला पाहिजे. सॅम्पल तपासू नका, आलेला कॅन तपासा: सील तोडताना व्हिडिओ घ्या, हलवून वरून, मधून, तळातून तेल काढा, 100 मिलीच्या गडद काचेच्या तीन बाटल्या भरा, सील करा, सही-तारीख घाला. अहवाल येईपर्यंत एक थेंबही वापरू नका. आम्ही सहा किलो वापरून बसलो.

उरलेलं 14 किलो तेल आणि शियाचा डबा बंद करून ठेवला आहे. पण खुल्या झालेल्या कॅनमधलं तेल खवट होणार आणि मग विक्रेता म्हणणार की तुमच्याकडेच बिघडलं. म्हणून पहिल्या दिवशी न काढलेल्या त्या तीन बाटल्या आता काढल्या आहेत. एक विक्रेत्याला रजिस्टर्ड पोस्टाने गेली, ती न स्वीकारता परत आली. पाकीट न फोडता तसंच ठेवलं आहे, पोस्टाच्या शेऱ्यासकट. बाकी दोन फ्रीजमध्ये आहेत.