मिक्सर न्यावा की कुकर?

लातूर-नांदेडहून अमेरिकेला राहायला जाणाऱ्यांच्या २३ किलोंच्या बॅगेत मिक्सर आणि प्रेशर कुकर यांपैकी एकालाच जागा उरत असेल, तर ती कुकरला द्यावी. आपला मिक्सर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो; तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा पुरवठा असल्याने तो नुसता प्लग बदलून नीट चालत नाही, आणि त्याच्यासाठी वजनदार ट्रान्सफॉर्मर घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. (जर्मनीला जाणाऱ्यांना ही अडचण नाही, तिथे प्लगचा अडॅप्टर पुरतो.) कुकरला विजेचे बंधन नाही, मात्र इंडक्शन शेगडीवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही, म्हणून लोहचुंबक चिकटेल अशा तळाचाच निवडावा. शिवाय त्याच्या पोकळीत जादा रिंग, शिट्टी आणि येसराची पुडीही मावते.