लिच, अल्हून की वेताळ: शेवटच्या लढतीला कोणाला बसवावं?

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका गच्चीवर आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ खेळत होतो, आणि आमचा फायटर, म्हणजे योद्ध्याचं पात्र खेळणारा, पाऊण तास नुसता बसून होता. त्याच्या पात्राला मनाचा फटका बसला होता, पात्र सुन्न. टर्न आला की फासा टाकायचा, ‘हुकलं’ म्हणायचं आणि पुन्हा शेवेच्या पुड्यात हात घालायचा. अर्धा किलो लवंगेची शेव त्याने एकट्याने संपवली. दोष त्याचा नव्हता. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी होतो, आणि तो राक्षस मी चित्र भारी दिसलं म्हणून घेतला होता.

इंदुरात आता बरेच जण नव्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ चालवायला लागलेत, आणि मोहीम संपत आली की हटकून हाच प्रश्न विचारतात: खलनायक मेलेला हवा, तरी जिवंत हवा, आणि त्याने तलवारीने न मारता डोक्यात शिरून मारावं, तर कोणता घेऊ? त्या शेवेच्या पुड्यापासून माझी एकच कसोटी आहे. राक्षसाने मनावर वार केल्यानंतर खेळाडूचा टर्न आला, तर त्याला ठरवण्यासारखं काही उरतं का? बाकी आकडे नंतर. खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत. नवे नियम वापरत असाल तर एकदा ताडून बघा.

लिच, म्हणजे आपला ब्रह्मसमंध

लिच घरी समजावून सांगायचा तर आजीचे दोन शब्द पुरतात. विद्या शिकला पण सोडता आली नाही तो ब्रह्मसमंध, आणि जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात ठेवलाय तो राक्षस. हे दोन्ही एकत्र केले की लिच. पोपटाच्या जागी एक पेटी असते, फिलॅक्टरी. ती शाबूत असेपर्यंत लिचला कितीही मारा, १ ते १० दिवसांत तो नव्या देहात उभा राहतो. पेटीला मात्र आत्मे खाऊ घालावे लागतात. त्यात आळस केला तर झिजत झिजत नुसती कवटी उरते.

खेळात हा १९७५ पासून आहे. चॅलेंज रेटिंग (एकूण किती अवघड) २१, आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) १७, हिट पॉइंट (किती मार सोसतो) १३५. पण ‘मनाचा स्वामी’ म्हणून बघायला गेलात तर निराशा होते. त्याची मंत्रांची यादी वाचा: आगीचा गोळा, विषारी ढग, माणसाची राख करणारा किरण. मनाचे मंत्र मोजून तीन. विचार वाचणं, दुसऱ्यावर ताबा मिळवणं आणि एका शब्दात सुन्न करणं. त्यातले शेवटचे दोन आठव्या पातळीचे, आणि त्या पातळीचा मंत्र टाकण्याची जागा दिवसाला एकच. म्हणजे ताबा किंवा सुन्न, दोन्ही हवे असतील तर नवव्या पातळीची जागा खर्चायची आणि ‘मर’ म्हणणारा मंत्र सोडून द्यायचा.

सुन्न करणारा शब्द तर माझ्या कसोटीला सपशेल नापास. ज्याचे हिट पॉइंट १५० किंवा त्याहून कमी, तो सुन्न; पहिल्या फटक्याला सेव्हच (फासा टाकून परिणाम टाळायची संधी) नाही. वर लिचला दिवसातून तीनदा ‘माझी सेव्ह हुकली, पण मी ती जमली असं ठरवतो’ म्हणायची मुभा. तुमच्या विझर्डने आठवडाभर जपून ठेवलेला मंत्र टाकला आणि तुम्ही शांतपणे ‘काही झालं नाही’ म्हणालात, असं तीनदा झालं की पुढच्या रविवारी त्याला अचानक ऑफिसचं काम निघतं.

तरी लिच घ्यावा अशी एक जागा आहे. पात्रं पंधराव्या पातळीच्या पुढे गेलेली, गट वर्षभर टिकलेला, आणि मजा लढाईपेक्षा पेटी शोधण्यात असणार. मग तो हवाच. इंदूरच्या खेळाडूंना त्याची जागा वर्णन करून सांगायलाही फार शब्द लागत नाहीत. मांडू शंभरेक किलोमीटरवर आहे, पावसाळ्यात सगळे जाऊन आलेले असतात. ‘तसंच, पण रात्री, आणि तळ्यात पाणी नाही’ एवढं म्हटलं की टेबल गप्प होतं.

आणखी एक, खिशाचा मुद्दा. लिच फुकट आहे. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, त्यात लिच आहे, व्हॅम्पायरही आहे. माइंड फ्लेयर आणि त्याची भावकी त्यात नाही. त्यांच्यासाठी पुस्तक घ्यावं लागतं.

अल्हून: गच्चीवरचा गुन्हेगार

माइंड फ्लेयर म्हणजे तोंडाला सोंडा असलेले, मेंदू खाणारे प्राणी. त्यांच्या वस्तीचा कारभार एक म्हातारा महामेंदू बघतो, आणि मेल्यावर आपलाही मेंदू त्याच्यात मिसळावा ही प्रत्येकाची आस. मंत्रविद्येच्या नादी लागलेल्याला मात्र वस्तीबाहेर काढतात. मग मरणाला सामोरं कसं जायचं? त्या भीतीपोटी बळी देऊन जो मेल्यावरही टिकतो तो अल्हून. ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मध्ये (२०१६) त्याला पाचव्या आवृत्तीत जागा मिळाली. मला ही गोष्ट लिचपेक्षा जास्त भिडते. लिचला अमर व्हायचंय, याला समाजाने वाळीत टाकलंय. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायला नको.

चॅलेंज रेटिंग १०, हिट पॉइंट १२०, आर्मर क्लास १५. मनाच्या बाबतीत तो लिचच्या कितीतरी पुढे. विचार वाचायला त्याला मंत्राची जागा खर्चावी लागत नाही, हवं तेव्हा वाचतो. ताबा घेणंही दिवसातून एकदा जमतं. आणि खरं हत्यार म्हणजे मनाचा झोत: ६० फुटांच्या शंकूत जो सापडेल त्याने बुद्धीची सेव्ह करायची, डीसी (गाठायचा आकडा) १६. हुकली तर सरासरी २२ नुकसान आणि एक मिनिट सुन्न, दर टर्नच्या शेवटी पुन्हा प्रयत्न. वापरलेला झोत परत मिळतो का, ते दर टर्नला सहाच्या फाशावर बघायचं: ५ किंवा ६ पडले की तयार.

आता फायटरचं गणित करा. बहुतेक फायटर बुद्धी ८ वर टाकतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर उणे १. डीसी १६ ला फाशावर १७ किंवा वर हवेत. २० पैकी ४ आकडे. पाचात एकदा. म्हणजे सरासरी पाच फेऱ्या, आणि पाच खेळाडूंच्या टेबलावर एक फेरी सहज दहा मिनिटं खाते. शेवेचा पुडा कुठे गेला ते कळलं असेल.

बुद्धीच्या सेव्हमध्ये मुळात तयार असतात ते विझर्ड, ड्रुइड, रोग आणि आर्टिफिसर या वर्गांची पात्रं. बाकीच्यांना पॅलाडिनचाच (धर्मयोद्ध्याचा) आधार. सहाव्या पातळीपासून त्याच्या १० फुटांत उभ्या असणाऱ्याला त्याच्या करिश्म्याचा बोनस सेव्हमध्ये मिळतो. तो ४ असेल तर फायटरची शक्यता वीस टक्क्यांवरून चाळिसावर जाते. पण मग सगळे पॅलाडिनला चिकटून उभे राहतात आणि झोताला एकगठ्ठा सापडतात. हा पेच मला आवडतो. गटात पॅलाडिन नसेल तर पुस्तकातला अल्हून जसाच्या तसा वापरू नका, एवढं मी छातीठोक सांगतो.

मी दुसऱ्यांदा चालवला तेव्हा एक बदल केला. सुन्न झालेल्या खेळाडूपुढे दोन वाटा ठेवायच्या: टर्न गमवा, किंवा अल्हून कानात सांगेल ते एक वाक्य पाळा आणि त्यानंतर हवं ते करा. ‘ढाल खाली ठेव.’ ‘डावीकडच्याकडे बघू नकोस.’ ‘तुझी सेव्ह जमली असं त्यांना सांग.’ बदल एवढाच, पण टेबल पेटतं. कोण अजून स्वतःचा आहे आणि कोण ऐकतोय, हे कोणालाच कळत नाही.

आणि इथे इंदूर कामाला येतं. अल्हूनला १२० फुटांची टेलिपथी आहे, लिचला नाही. नियम असा की समोरच्याला निदान एक कुठली तरी भाषा कळली पाहिजे, ती अल्हूनला येण्याची गरज नाही. आमच्या टेबलावर राक्षस हिंदीत धमकावतात, खेळाडू आपसात मराठीत बेत करतात, फासा चुकला की ‘अरे भिया’ होतं. मग डोक्यातला आवाज कोणत्या भाषेत येईल? मी पॅलाडिनला चिठ्ठी दिली, त्यावर लिहिलं होतं: ‘दमलास रे बाळा. ठेव आता ती तलवार.’ अगदी आजी बोलते तसं. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि खरंच तलवार ठेवली. फासा कोणी टाकलाच नाही.

असं काही करायचं तर मोहिमेच्या आधी, सेशन झीरोला, सगळ्यांना विचारून घ्या की पात्रावरचा ताबा जाणं चालेल का. एखाद्याला नाही चालत. त्याला कारण विचारत बसू नका.

थोडक्यात आटोपण्यासारखे

व्हॅम्पायर, रेटिंग १३. नजरेने भुलवतो, डीसी १७, पण ‘प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड’ या पहिल्या पातळीच्या मंत्राने ती भूल अडते. शिवाय ऊन आणि लाकडी खुंटा सगळ्यांना पाठ. गटात पहिल्यांदा खेळणारे जास्त असतील तर ठीक.

बरणीतला मेंदू, रेटिंग ३. शाळेच्या जीवशास्त्राच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्या असायच्या, त्यातली एक बोलायला लागली तर. सुरुवातीच्या पातळीला झकास, शेवटाला पुरत नाही.

जुन्या साडेतीन आवृत्तीत ‘कॉलर इन डार्कनेस’ होता (२००४): एकाच वेळी, एकाच भीतीने मेलेल्या अनेकांच्या मनांचा मिळून झालेला गोळा. कल्पना म्हणून या सगळ्यांत जबरदस्त. पण आमच्यापासून भोपाळ दोनशे किलोमीटरच्या आत आहे. मी तो टेबलावर आणत नाही.

वेताळ, ज्याला आकडे मीच दिले

हा पुस्तकातला नाही. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत वेताळावरून बेतलेला, मन शोषणारा एक व्हॅम्पायर आहे, आणि त्या खेळाचे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’वर फुकट वाचता येतात. पण तो व्हॅम्पायरच. आपला वेताळ कोणाचं रक्त पीत नाही. तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरून झाडाला उलटा लटकतो आणि गोष्टी सांगतो. काटेकोर बोलायचं तर तो ‘मेलेला’ही नाही, मेलेल्याच्या घरात राहणारा भाडेकरू आहे. खेळाच्या सोयीसाठी मी ते चालवून घेतो.

त्याची शक्ती बघा. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. माणसाचं मौन आणि माणसाचं बोलणं, दोन्ही त्याची हत्यारं. गोष्टीमागून गोष्ट राजा हरतो तो हुशारीमुळे. आणि सुटतो कसा? शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला खरंच येत नाही. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केलं तर त्यांच्या पोरांचं आपसात नातं काय? राजा गप्प, कारण गप्प राहण्यावाचून इलाजच नाही. न कळणं ही किल्ली असलेला दुसरा राक्षस मला माहीत नाही.

टेबलावर मी हे असं बसवलं. प्रेत झाडापासून वर्तुळापर्यंत न्यायचं, सहा टप्पे. प्रत्येक टप्प्याला मी कोडं सांगतो. उत्तर येत असेल तर चिठ्ठीवर लिहून मला द्यायचं, येत नसेल तर कोरी चिठ्ठी. मग ठरवायचं, बोलायचं की नाही. उत्तर लिहून गप्प बसलात तर ४ डी १० (दहा बाजूंचे चार फासे) नुकसान, सरासरी २२, म्हणजे अल्हूनच्या झोताएवढंच. मोठ्याने सांगितलंत तर तो टप्पा फुकट आणि पुन्हा झाडापाशी. कोरी चिठ्ठी देणाऱ्याला काही होत नाही. खोटी कोरी चिठ्ठी दिली तर? मी ते खेळाडूंवर सोडलं. एकीने सगळ्या कोऱ्या दिल्या आणि शेवटी हसत सांगितलं की पाच येत होती. वेताळाने तिला काही केलं नाही. मलाही सुचलं नाही काय करावं.

तोटे आहेत. कोडी तुम्हाला तयार करावी लागतात, आणि ती न्यायनिवाड्याची हवीत, ‘चार पाय, दोन कान’ छाप नकोत. ज्यांना फासे टाकून हाणामारीच करायची आहे ते कंटाळतात. बडबड्या गटाला मात्र हा औषध आहे: पहिल्या अर्ध्या तासातच सगळे ओठ मिटून एकमेकांकडे बघत असतात, आणि खाली स्वयंपाकघरातून मावशी विचारते की भांडण झालं का.

खरा खलनायक वेताळ नसतोच, ही यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. प्रेत आणायला पाठवणारा साधू राजाचाच बळी देणार असतो, आणि ते राजाला सांगतो तो वेताळ. म्हणून मी त्याला शेवटून दुसऱ्या सत्राला ठेवतो. शेवटच्या सत्राला साधू. साधूच्या जागी अल्हून बसवला तरी चालतो. बळी त्यालाही हवेच असतात.

इंदूरच्या टेबलावर एक वाद मात्र होणार, तयारीत राहा. कोणीतरी म्हणेल विक्रम उज्जैनचा, म्हणजे शेजारचा, पंचावन्न किलोमीटरवरचा, आपलाच. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात मात्र राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि गाव गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. आमच्याकडे यावरून खेळ वीस मिनिटं थांबला. पैठणवाले आणि उज्जैनवाले असे दोन तट पडले, कोणीच गप्प बसेना, आणि तेवढ्यात नियमाप्रमाणे वेताळ परत झाडावर गेला होता.