‘मुंबई शहर उत्तर’ हा जुना लोकसभा मतदारसंघ शोधताना निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल कितपत कामाला येतात?

बंद झालेल्या मतदारसंघाचा निवडणूक इतिहास काढायचा तर भारत निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांना पर्याय नाही. ते फुकट मिळतात आणि अगदी पहिल्या लोकसभेपासूनचे आहेत. जुन्या निवडणुकांच्या अहवालांचे साधारण दोन खंड आहेत. उमेदवारनिहाय निकाल पहिल्या खंडात, तर मतदारसंघाचा गोषवारा दुसऱ्यात. पण नुसत्या नावावर विसंबून शोधलंत, तर हेच अहवाल हमखास चकवतात.

पहिली अडचण सालाची. पहिल्या लोकसभेसाठी मुंबईत मतदान झालं जानेवारी १९५२ मध्ये, पण अहवाल आहे १९५१ च्या नावाने. दुसरी अडचण पक्षांच्या आद्याक्षरांची. त्या अहवालातला ‘एसपी’ म्हणजे सोशालिस्ट पार्टी, आजचा समाजवादी पक्ष नव्हे. माणसांच्या नावांची रोमन स्पेलिंगंही ठिकठिकाणी वेगळी असतात, त्यामुळे आडनाव टाकून शोधण्यापेक्षा राज्याच्या यादीतून मतदारसंघापर्यंत उतरत जावं.

खरी कसोटी लागते ती मुंबई शहर उत्तर उघडल्यावर. हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. इथून विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले, दोघंही काँग्रेसचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १,२३,५७६ मतं पडली आणि ते हरले. आता काजरोळकरांच्या आकड्याशेजारी सोशालिस्ट पार्टीच्या अशोक मेहतांचा आकडा ठेवून बघा. काजरोळकर १ लाख ३८ हजारांच्या आसपास, मेहता १ लाख ३९ हजारांच्या वर, तरीही मेहता पडले. ही छपाईची चूक नाही. राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मतं मिळवणाऱ्याला जायची, आणि उरलेल्या जागेवर गांधी मेहतांच्या पुढे होते. तक्त्यात आकडे आहेत, हा नियम मात्र नाही. तो माहीत नसेल तर निकाल उलटा वाचला जातो.

टक्केवारीचंही तेच. प्रत्येकाला दोन मतं होती, ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. त्यामुळे उमेदवारासमोरचा टक्का एकूण मतांचा असतो, मतदारांचा नव्हे. एकजागी मतदारसंघाशी तुलना करताना तो साधारण दुप्पट धरावा लागतो. तेव्हा खूण न करता मतपत्रिका उमेदवाराच्या पेटीत टाकायची असे. दोन्ही एकाच पेटीत पडल्या की एक बाद. ‘मत कुजवणं’, म्हणजे आपलं एक मत मुद्दाम वाया घालवणं, हा शब्दप्रयोग याच लढतीमुळे गाजला आणि त्यावरून आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक याचिकाही दाखल केली. त्या बाद मतांमागचं राजकारण अहवालात शोधू नका, त्यासाठी जुनी वर्तमानपत्रंच काढायला हवीत.

सगळ्यात मोठा खड्डा १९५७ चा. ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव यादीत पुन्हा दिसतं, पण आता ती एकच जागा आहे आणि तिथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले आहेत. १९५२ चा निकाल आणि हा निकाल एका ओळीत मांडलात तर सगळा इतिहास चुकला. दोन जागांचा मतदारसंघ आता ‘मुंबई शहर मध्य’ आहे, श्रीपाद अमृत डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जी. के. माने यांचा. म्हणून अहवालाशेजारी परिसीमन आदेश, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आदेश, उघडा ठेवायलाच हवा. १९५७ साठी १९५६ चा, १९६७ साठी १९६६ चा, १९७७ साठी १९७६ चा. वॉर्डांची यादी जुळली तरच मतदारसंघ एक समजावा.

पोटनिवडणुका या सार्वत्रिक अहवालांत नाहीत आणि ही उणीव मुंबईच्या बाबतीत फार जाणवते. जानेवारी १९७४ ची मुंबई मध्यची निवडणूक, दलित पँथरने बहिष्कार पुकारलेली, रोझा देशपांडे जिंकलेली, १९७१ आणि १९७७ च्या अहवालांच्या मधल्या फटीत हरवते. पोटनिवडणुकांची वेगळी यादी पाहिल्याशिवाय कुठलाही तक्ता पुरा मानू नये.

१९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ संपले. १९६२ चा अहवाल उघडलात की ‘मुंबई शहर मध्य उत्तर’मधून काजरोळकर आणि ‘मुंबई शहर मध्य दक्षिण’मधून विठ्ठल गांधी निवडून आलेले दिसतात. १९५२ ला शहर उत्तरमधून जिंकलेली हीच जोडी. ‘मुंबई शहर उत्तर’ या नावाखाली मात्र १९६२ मध्ये मेनन आचार्य कृपलानींचा १ लाख ४० हजारांहून अधिक मतांनी पराभव करत होते.