सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण : चार महिने अंगणात वापरून

मी शास्त्रज्ञ नाही. चौतीस वर्षं वायरमन होतो, करमाळा तालुक्यात. त्यामुळे आरशाच्या काचेची प्रत वगैरे मला विचारू नका. नटबोल्ट, बेअरिंग, लेव्हल आणि अंधार एवढं मात्र मला कळतं, आणि या वस्तूत तेवढंच लागतं असं माझं मत झालंय.

दुर्बीण का घेतली ते आधी. 23 ऑगस्ट 2023, नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते. दुपारी चारला वाऱ्यानं आमच्या फीडरची तार तुटली. एरवी लाइट गेली तर लोक तासभर दम धरतात, त्या दिवशी नाही. फोनवर फोन. "आबा, सहाच्या आत काय बी करा." तार ओढली, जंपर मारले, सगळे खाली उतरलो आणि सहाला दहा कमी असताना लाइन चालू केली. मग मी शिडी बांधत बसलो, आणि सहा वाजून चार मिनिटांनी वस्तीवरून असा ओरडा उठला की मला वाटलं, कुणाला शॉक लागला. चांद्रयान-3 चा विक्रम चंद्रावर उतरला होता. तालुक्यात सगळ्यांनी बघितलं, मी सोडून.

नात तेव्हा दुसरीत होती. घरी आलो तर म्हणाली, "आबा, आपल्याला तो इथून दिसेल का?" मी म्हणालो, दिसेल की. बोलून गेलो.

त्या एका वाक्यापायी पहिल्यांदा फसलो, तेही सांगायला पाहिजे. मोबाइलवरून सव्वातीन हजारांची दुर्बीण मागवली. खोक्यावर शनीचं रंगीत चित्र आणि मोठ्या अक्षरात '525 पट'. आत 60 मिलिमीटरचं भिंग आणि तीन काड्यांचं स्टँड, बोट लावलं की अर्धा मिनिट लटपटणारं. चंद्र दिसायचा, पण पाण्यात हलणाऱ्या भाकरीसारखा. नंतर कळलं की भिंग किंवा आरसा जितक्या मिलिमीटरचा, त्याच्या दुप्पट पटींपलीकडे काही हाती लागत नाही. म्हणजे 60 ला 120. बाकीचे चारशे पट नुसत्या शाईचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात आयपीसला, म्हणजे जिथं डोळा लावतो त्या भिंगाला, लावायची काळी काच होती, सूर्य बघायला म्हणून. अख्खा उजेड एका ठिकाणी गोळा होतो तिथंच ती काच बसते. तापून तडकली तर डोळा गेला. ती काच मी हातोड्यानं फोडली. तुमच्या घरात तसली असेल तर तुम्हीही फोडा.

मग गेल्या दिवाळीत ही आणली. सहा इंची आरसा (152 मिलिमीटर), फोकल लेंथ (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिलिमीटर, सोबत 25 आणि 10 मिलिमीटरचे दोन आयपीस. फोकल लेंथला आयपीसनं भागायचं की पट निघतात, म्हणजे 48 आणि 120. खोक्यावर एकही बढाई नव्हती, तिथंच मला बरं वाटलं. मला पोचवण्यासकट बेचाळीस हजार पडले. बायकोनं तेवढ्यात किती शेळ्या आल्या असत्या ते लगेच सांगितलं. हीच बनावट तीन-चार नावांनी विकली जाते, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. आरशाचा व्यास आणि खालची बैठक बघून घ्या.

पट विसरा, हे एक जरी लक्षात ठेवलंत तरी माझं टायपिंग फुकट गेलं नाही. पावसात अंगणात तांब्या ठेवला आणि घंगाळ ठेवलं तर पाणी कशात जास्त साठेल? आरशाचं तेच आहे. अंधारात आपल्या डोळ्यांच्या बाहुल्या फार तर सात मिलिमीटर उघडतात. हा आरसा त्याच्या साडेचारशे पट उजेड गोळा करतो. तो उजेड हातात असेल तर मोठा करून बघण्यात अर्थ. नसेल तर अंधारच मोठा दिसतो.

बैठक डॉब्सोनियन पद्धतीची. तिपाई नाही, जमिनीवर फिरणारं खोकं आणि त्यात तोफेसारखी नळी. शेजारचा पाटील पहिल्या दिवशी म्हणालाच, "आबा, ह्यो कुणावर डागायचा इचार हाय?" ज्या जॉन डॉब्सनमुळे हे नाव पडलं तो सान फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होता. पुठ्ठ्याच्या नळ्या, बोटीच्या खिडक्यांच्या जाड काचा असलं मिळेल ते घेऊन दुर्बिणी बनवायचा. या नादापायी 1967 साली मठातून बाहेर पडावं लागलं, तर पठ्ठ्या रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवत बसला. हे वाचलं तेव्हा दुर्बिणीपेक्षा मला तोच जास्त आवडला.

आता तक्रार. बैठक सुटी येते, आपण जोडायची. बोर्ड भुशाचा दाबलेला, आणि माझ्या नगात दोन भोकं एकमेकांसमोर येईनात. वर एक स्क्रू कमी. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नवव्या दिवशी, "स्क्रू लोकल मार्केटमध्ये मिळेल." मी ड्रिल मारून तासाभरात बसवली, पण ज्याच्या घरी ड्रिल नाही त्यानं काय करायचं? या बोर्डाला पाणी अजिबात चालत नाही. पावसाळ्यात जमिनीवर ठेवलात तर फुगणार. मी खाली फरशीचे तुकडे ठेवलेत आणि वर जुनी चादर.

फाइंडर, म्हणजे वरची छोटी नेम धरायची दुर्बीण, दिवसाच जुळवून घ्या. मी दोन किलोमीटरवरच्या टॉवरवर नेम लावला. इन्सुलेटरच्या बशा एक एक करून मोजता येत होत्या, फक्त उलट्या. या जातीच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. आकाशात उलटसुलट काही नसतं, त्यामुळे अडत नाही. आरसे जुळवायला मी घाबरत होतो. तीन स्क्रू थोडे थोडे पिळून मधला ठिपका मध्ये आणायचा, बास. खांब ओळंब्यात उभा करण्यापेक्षा सोपं. नळी बाहेर काढून अर्धा तास गार होऊ द्या, नाहीतर तव्यावरच्या हवेसारखं चित्र थरथरतं. आणि आरशावर धूळ दिसली म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसू नका. धूळ चालते, ओरखडा चालत नाही.

दिसतं काय?

चंद्रानं पहिल्याच रात्री पैसे वसूल केले. 48 वर पूर्ण मावतो आणि कडेला जागा उरते. 120 वर उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे असे खोल दिसतात की बायकोनं मान मागं घेतली. पौर्णिमेला मात्र बघू नका. सावल्या नसतात, नुसता पांढरा पत्रा, आणि डोळा दिपतो तो वेगळा.

शनीनं यंदा निराश केलं. दोष दुर्बिणीचा नाही, शनीचा आणि आपल्या नशिबाचा. साधारण दर पंधरा वर्षांनी त्याची कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसतात. मार्च 2025 मध्ये तसं झालं, आणि नोव्हेंबरात पुन्हा जवळपास तीच गत होती. नातीला चित्रातली टोपी बघायची होती, दिसली ती लिंबात आरपार खुपसलेली सुई. तिनं वहीत तशीच काढली, सुईसकट. आता दरवर्षी कडी थोडी थोडी उघडत जातील. घेणार असाल तर वाट बघण्यासारखं आहे.

गुरूनं भरपाई केली. 10 जानेवारी 2026 ला तो सूर्याच्या बरोबर समोर होता, मिथुन राशीत, रात्रभर आकाशात. अंगावरचे दोन पट्टे आणि एका ओळीत चार चंद्र. गॅलिलिओनं 1610 मध्ये बघितले ते हेच चार. नात रोज संध्याकाळी वहीत एक मोठा गोल आणि चार ठिपके काढते. तिसऱ्या दिवशी ओरडली, "आबा, एक कमी झाला!" तो गुरूच्या मागं गेला होता. हे तिला कुठल्या व्हिडिओनं सांगितलं नाही, तिच्या वहीनं सांगितलं.

मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, राखाडी दिसतो. गुलाबी, जांभळा काही नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. मोबाइलवरचे फोटो कॅमेऱ्यानं बराच वेळ उजेड साठवून काढलेले असतात. देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा समूह, दिसते कापसाच्या बोळ्यासारखी. पण तो उजेड निघून 25 लाख वर्षं झाली, असं मी सांगितल्यावर बायको पहिल्यांदा काही न बोलता पाच मिनिटं बघत राहिली.

दुर्बीण आपोआप फिरत नाही. 120 वर गुरू पावणेदोन मिनिटांत या कडेहून त्या कडेला निघून जातो. हातानं हळूच ढकलत राहायचं. सवय होते, पण चार पाहुणे रांगेत असले की वैताग येतो. अंतराळ स्थानक बघायला हिचा काही उपयोग नाही. ते ताशी 28 हजार किलोमीटरनं धावतं, नुसत्या डोळ्यांनीच बघा. 2025 च्या जून-जुलैत आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला त्या स्थानकात होते तेव्हा आमच्यावर ढगांचं छत होतं, तो योग हुकला.

ही आल्यापासून गावात आकाशातलं काहीही झालं की लोक माझ्याकडे येतात. स्टारलिंकच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या) उपग्रहांची माळ गेली की फोन. सगळ्यांच्या डोक्यात अजून 2022 चा गुढीपाडवा आहे. त्या संध्याकाळी आकाशातून जळती रेघ गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं नंतर सांगण्यात आलं. "आबा, आपल्यावर पडायच्या आधी सांगशील ना?" असं एकानं गंभीरपणे विचारलंय.

आणि विक्रम? नातीला खरं सांगावं लागलं. या दुर्बिणीला चंद्रावरची साधारण दीड किलोमीटरच्या आतली वस्तू वेगळी ओळखता येत नाही, आणि विक्रम दोन मीटरचा. आमच्या खोलीतल्या कॉटएवढा. गाल फुगले. मग नकाशा घेऊन बसलो. विक्रम उतरला ते शिवशक्ती स्थळ दक्षिणेला 69 अंशांवर, मँझिनस नावाच्या मोठ्या विवराच्या जवळ. मँझिनस सुमारे 98 किलोमीटर रुंद आहे, ते मात्र दिसतं. शुद्ध पंचमी-षष्ठीला तिथं नुकताच सूर्य उगवलेला असतो, सावल्या लांब असतात. उलट्या चित्रात दक्षिण वर येते, म्हणून वरच्या कडेला शोधायचं. दोन महिने चुकलो, तिसऱ्या पंचमीला सापडलं. "त्याच्या बाजूला आहे तो, झोपलेला," मी म्हणालो. तिनं आयपीसला डोळा लावून विचारलं, "मग 2040 ला आपला माणूस चंद्रावर उतरेल तेव्हा तो तरी दिसेल का?" 2040 ला ती 24 वर्षांची असेल. या वेळी मी "दिसेल की" म्हणालो नाही.

शेवटची गोष्ट यंत्राच्या खोक्यात मिळत नाही. अंधार. आमच्या दारातल्या खांबावर एलईडी आहे, 2019 साली मीच बसवलेली. देवयानी तिच्यापायी दिसेना. ग्रामपंचायतीला विचारून तेलाचा डबा अर्धा कापला आणि दिव्याला टोपी केली. उजेड रस्त्यावर पडतो, अंगणात येत नाही. या डब्याला खर्च शून्य, आणि फरक मोठा आयपीस घेतल्यापेक्षा जास्त. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद चिकटवा, डोळ्याचा अंधार मोडत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीतून, समोर हायमास्ट असताना बघणार असाल तर माझं ऐका, घेऊ नका. आधी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत किंवा खगोल मंडळाच्या वांगणीच्या कार्यक्रमात (दोन्ही आकाश बघणाऱ्यांच्या संस्था) एक रात्र घालवा, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा, आणि मग ठरवा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो भुशाच्या बोर्डाचा आणि त्या नऊ दिवसांचा.

शेतीची लाइट आमच्याकडे बऱ्याचदा रात्रीची असते. अकराच्या सुमाराला मोटार चालू करायला निघालेले लोक आता माझ्या फाटकाशी थांबतात, चप्पल काढतात, एक डोळा मिटतात. काल पाटील आला होता. गुरू बघितला, चार चंद्र मोजले, आणि म्हणाला, "तेवढा परत मधी आणून ठेव आबा. पाणी लावून आलोच."