एकशे तीन फेऱ्या : सूटकेस रेकॉर्ड प्लेअर, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सूटकेसच्या आकाराच्या या रेकॉर्ड प्लेअरबद्दल मी सहाव्या महिन्यात लिहायला घेतले होते आणि तो मजकूर बराचसा कौतुकाचा होता. त्यानंतर दोन महिने यंत्र झाकण लावून पडून राहिले. नवव्या महिन्यात ते उघडून एकल पियानोची रेकॉर्ड लावली आणि पहिल्याच लांब स्वराला मी हातातले काम थांबवले. पियानोची तार एकदा वाजली की तिचा सूर वर किंवा खाली नेण्याचा कोणताही मार्ग वादकाकडे नसतो, आणि इथे तर तो स्पष्टपणे हलत होता. जुना मजकूर मी त्याच दिवशी काढून टाकला. तीन वेग (मिनिटाला ३३⅓, ४५ आणि ७८ फेऱ्या), आतच बसवलेले दोन स्पीकर, बाहेरचे स्पीकर लावण्यासाठी मागची आरसीए जोडणी, ब्लूटूथ ही यादी वाचणाऱ्यांना पाठ असेल असे धरून सरळ मुद्द्यावर येते.

आधी हे मान्य करायला हवे, की या यंत्रांबद्दल सर्वसाधारणपणे जी तक्रार केली जाते, म्हणजे आवाज पातळ आणि डब्यातून आल्यासारखा येतो, ती माझी मुख्य तक्रार नाही. रेकॉर्ड कोरताना खालचे स्वर मुद्दाम दबवून आणि वरचे स्वर उचलून कोरलेले असतात, कारण तसे न केल्यास खालच्या स्वरांसाठी खाच फार रुंद करावी लागेल आणि वरच्या स्वरांवर पृष्ठभागाची खरखर मात करील. वाजवताना नेमके याच्या उलट करावे लागते, आणि त्याचे प्रमाण १९५४ पासून आरआयएए या नावाने ठरलेले आहे. काट्रिज म्हणजे सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा भाग; चुंबकीय काट्रिज असलेल्या टर्नटेबलमध्ये हे उलटे करण्याचे काम एक वेगळे सर्किट करते. या यंत्रातले सिरॅमिक काट्रिज सुईच्या वेगाला प्रतिसाद देण्याऐवजी तिच्या सरकण्याच्या अंतराला प्रतिसाद देते, त्यामुळे ही दुरुस्ती आपोआप आणि ढोबळमानाने होऊन जाते. शिवाय त्याचा विद्युतदाब इतका भरपूर असतो की निर्मात्याला क्षीण संकेत वाढवणारा वेगळा नाजूक प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) बसवावाच लागत नाही. स्वस्ताईचे इंगित तिथे आहे. आवाज ढोबळ येतो, पण तो सहन होतो; स्पीकरच्या जागा बदलून आणि ट्रेबल कमी करून त्याच्याशी जमवून घेता येते. हलणाऱ्या सुराशी मात्र जमवून घेता येत नाही, आणि एकदा तो कानाने पकडला की पुढे संगीत ऐकू येण्याऐवजी फक्त तोच ऐकू येत राहतो. माझे तरी तसे झाले.

पहिला संशय मी वेगावर घेतला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या, त्यामुळे वेग तपासायला कोणतेही उपकरण लागत नाही. तबकडीच्या, म्हणजे रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात त्या फिरत्या थाळीच्या, कडेला कागदाची लहान पट्टी चिकटवावी, रेकॉर्ड लावून सुई खाचेत ठेवावी आणि घड्याळाकडे पाहत फेऱ्या मोजाव्यात. माझ्या १०३ भरल्या. तीन टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असते, म्हणजे माझ्याकडची प्रत्येक रेकॉर्ड नऊ महिने अर्ध्या पट्टीने चढी वाजत होती आणि वीस मिनिटांची बाजू जवळजवळ पस्तीस सेकंद आधीच संपत होती. गायक जरा तरुण, जरा घाईत वाटत आणि मला तो नव्या मुद्रणाचा ताजेपणा वाटत असे, हे लिहिताना आज लाज वाटते. ज्यांना मोजणी आवडत नाही त्यांच्यासाठी छापील स्ट्रोबोस्कोप चकती असते; विजेच्या लयीत लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ती फिरवली आणि तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ५० हर्ट्‌झच्या विजेवर तिच्यावर १८० रेघा लागतात आणि ६० हर्ट्‌झच्या विजेवर २१६. मात्र अनेक एलईडी दिव्यांखाली तिचा उपयोग होत नाही, कारण ते दिवे विजेच्या लयीत पुरेसे लुकलुकत नाहीत.

यंत्राच्या खालच्या बाजूला रबरी बुचाखाली एक भोक आहे आणि त्यातून बारीक पेचकस घातला की मोटरच्या पोटातला वेगाचा स्क्रू सापडतो. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. अर्धा तास खपून, एकेक केसभर फिरवून आणि प्रत्येक वेळी पुन्हा तीन मिनिटे मोजून मी १०० फेऱ्यांवर आले, आणि त्या संध्याकाळी प्रश्न सुटल्याच्या आनंदात पियानोची तीच बाजू पुन्हा लावली. स्वर खाली आला होता, योग्य उंचीवर होता, आणि तरीही हलत होता. तेव्हा कुठे लक्षात आले, की मी मोजली होती ती सरासरी. तीन मिनिटांत शंभर फेऱ्या पूर्ण करणारी तबकडी एका फेरीच्या आत कधी पुढे, कधी मागे रेंगाळत असेल, तर मोजणीला त्याचा पत्ताही लागत नाही. कानाला मात्र लागतो, आणि सेकंदाला चारच्या आसपास होणाऱ्या हेलकाव्यांना तर तो सर्वांत तिखट असतो.

यापुढचा आठवडा मी या एका हेलकाव्यामागे घालवला. घरच्यांच्या मते तो अतिरेक होता. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. एक फेरी १.८ सेकंदांची असते. सूर दर १.८ सेकंदांनी हलत असेल, तर दोष तबकडीचा असतो किंवा रेकॉर्डचे मधले भोक नेमके मध्यावर नसते. हे दुसरे कारण लोक विसरतात. भोक केवळ अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर केंद्राजवळच्या खाचांत सूर दोन्ही बाजूंना पाऊण टक्क्याहून अधिक डोलतो, आणि अशी रेकॉर्ड कितीही महागड्या टर्नटेबलवर डोलणारच. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी मी तबकडीवर एक आणि रेकॉर्डच्या लेबलवर एक अशा दोन खुणा केल्या, सूर सर्वांत चढा होतो तेव्हा कोणती खूण सुईसमोर येते ते पाहिले, मग रेकॉर्ड अर्धी फिरवून ठेवली आणि पुन्हा पाहिले. हेलकावा लेबलच्या खुणेबरोबर गेला तर दोष रेकॉर्डचा, तबकडीच्या खुणेला चिकटून राहिला तर तबकडीचा. माझा हेलकावा दोन्हींपैकी कोणत्याच खुणेला बांधलेला नव्हता. प्रत्येक फेरीला तो थोडा थोडा मागे सरकत होता. अशा वेळी उरतो तो मोटरच्या जोरावर तबकडी फिरवणारा रबरी पट्टा. मोटरच्या कप्पीवरून जाणारा पट्टा तबकडीच्या आतल्या कड्याच्या घेरापेक्षा थोडा लांब असतो, म्हणून त्याची फेरी तबकडीच्या फेरीपेक्षा किंचित उशिरा पूर्ण होते आणि त्याच्यातला दोष असा घरंगळत मागे पडत जातो. तबकडी उचलून पाहिली, तर दोन महिने एकाच जागी कप्पीला वळसा घालून बसलेल्या रबरावर नखाने ओरखडावे तशी कायमची घडी पडली होती.

वॉरंटीची मुदत शिल्लक असल्यामुळे मी सेवा केंद्राला लिहिले. पहिल्या उत्तरात सुई बदलण्याचा सल्ला आला. सुई बदलून असा हेलकावा जात नाही असे कळवल्यावर दुसऱ्या उत्तरात, असा किंचित हेलकावा हा जुन्या काळच्या ध्वनीचा स्वाभाविक भाग असून ग्राहकांना तो आवडतो, असे लिहिलेले होते. मी हे वाक्य दोनदा वाचले. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लांब रेकॉर्ड १९४८ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून यंत्रे बनवणाऱ्यांनी जड तबकड्या, अचूक बेअरिंग आणि पुढे क्वार्ट्‌झने बांधलेला वेग यांवर जे श्रम घेतले ते सगळे हा हेलकावा घालवण्यासाठीच होते, आणि साध्यातल्या साध्या पण नीट बनवलेल्या टर्नटेबलच्या माहितीपत्रकात त्याचे प्रमाण पाव टक्क्याच्या आत दिलेले असते. माझ्या यंत्राच्या माहितीपत्रकात तो आकडाच नाही. तिसऱ्या पत्रात मी खुणांचा सगळा प्रयोग लिहून पाठवला. त्यावर पट्टा हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणजे हेलकावा दोष नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दोष मानलाच तर तो पट्ट्याचा म्हणून दुरुस्ती नाही.

पट्टा शेवटी मीच घेतला. त्याआधी काटकसरीचा एक उपाय करून पाहिला: जुना पट्टा काही मिनिटे खूप गरम पाण्यात ठेवून सुकवला, आणि घडी खरोखरच बरीचशी निघाली. तीन दिवस सूर शांत राहिला. चौथ्या दिवशी घडी परतली. नवा पट्टा बसवल्यावर हेलकावा माझ्या अंदाजाने पाव हिश्शावर आला, आणि आता यंत्र वापरात नसेल तेव्हा मी पट्टा कप्पीवरून उतरवून ठेवते.

पण उरलेला पाव हिस्सा जात नाही, आणि तो का जात नाही हे कळल्यावर माझे सेवा केंद्रावरचे रागावणे थोडे निवळले. तो रचनेतच आहे. टर्नटेबलची तबकडी जड ठेवतात, कारण फिरते वजन मोटरचे लहानमोठे धक्के पोटात घेते, आणि ते वजन केंद्रापासून जितके दूर तितके अधिक उपयोगी पडते. या यंत्रातली तबकडी पातळ पत्र्याची आहे आणि तीही रेकॉर्डपेक्षा लहान, बारा इंची रेकॉर्ड तिच्याबाहेर चारही बाजूंनी लोंबते. त्यावर सुईचा भार. मी तो लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजला, तेव्हा जवळजवळ सहा ग्रॅम भरला. चुंबकीय काट्रिजवर तो साधारण दोन ग्रॅमच्या आसपास असतो. संगीत मोठ्याने होते तिथे खाच अधिक वळणे घेते, सुईचे घर्षण वाढते आणि हलकी तबकडी त्या घर्षणापुढे क्षणभर दबते. म्हणूनच वाद्यवृंद जोरात आल्यावर माझ्याकडे सूर किंचित बसतो आणि शांत जागा आली की वर येतो. जड सुई आणि हलकी तबकडी हे दोन दोष वेगवेगळे असते तर निभावले असते.

सहा ग्रॅमच्या निमित्ताने आणखी एक मत बदलले ते इथेच नोंदवते. सुरुवातीला मी सर्वांसारखीच या भाराला घाबरून होते आणि एकदा वाजवली की रेकॉर्ड खरवडली जाते असे समजत होते. तसे झालेले नाही. एक रेकॉर्ड मी या यंत्रावर वीसेक वेळा वाजवली आणि मग ओळखीच्यांकडच्या चांगल्या टर्नटेबलवर तिची तुलना न वाजवलेल्या प्रतीशी केली. बाहेरच्या खाचांत फरक सांगता आला नाही. शेवटच्या गाण्यात, लेबलजवळ, ‘स’ आणि ‘श’ हे उच्चार थोडे फाटलेले वाटले. तिथे आवाज फाटण्याची प्रवृत्ती मुळातच असते, कारण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटी जेमतेम २१, त्यामुळे तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत दाटलेले असते आणि गोल टोकाची सुई त्या बारीक वळणांत शिरू शकत नाही. खरी काळजी झिजलेल्या सुईची करावी. या काट्रिजबरोबर येणारे नीलमण्याचे टोक हिऱ्याच्या तुलनेत फार लवकर झिजते आणि झिजलेले टोक सहा ग्रॅमच्या भाराखाली खाचेच्या भिंती खरोखर कापते. तेवढ्यापुरता सेवा केंद्राचा पहिला सल्ला, चुकीच्या प्रश्नाला दिलेला असला तरी, बरोबर होता. सुई उडते म्हणून टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीवर, नाणे ठेवण्याचा उपाय मात्र कोणी करू नये.

स्पीकरबद्दल थोडक्यात. सुई आणि स्पीकर एकाच खोक्यात असल्यामुळे आवाज निम्म्याच्या वर नेला की खोके थरथरते, ती थरथर सुई उचलते आणि घुमणारा गुंजारव सुरू होतो. मागच्या जोडणीतून बाहेरचे स्पीकर लावले आणि आतला आवाज शून्यावर नेला की हे पूर्ण थांबते, खालचे स्वरही परत येतात. हा बदल मी पाचव्या महिन्यात केला होता आणि सहाव्या महिन्यातल्या त्या कौतुकाचे कारण मुख्यतः हेच होते. गंमत अशी, की आतल्या स्पीकरवर न जाणवणारा हेलकावा बाहेरच्या चांगल्या स्पीकरवर अधिक स्पष्ट ऐकू येतो.

सध्या या यंत्रावर मी जुन्या, ओरखडलेल्या, बोलण्याच्या किंवा ढोलकासारख्या तालवाद्यांच्या रेकॉर्ड वाजवते. ज्यांत सूर फार वेळ टिकून राहत नाही त्या सगळ्या बऱ्या वाजतात. ४५ च्या लहान रेकॉर्ड आता किंचित मंद चालतात, कारण माझ्या मोटरमध्ये तिन्ही वेगांना मिळून तो एकच स्क्रू आहे आणि ३३⅓ जुळवला की बाकीचे दोन सरकतात. ७८ ची तर मी वाजवतच नाही, तिच्या रुंद खाचेला ही बारीक सुई तळाशी जाऊन घासते. पियानो आणि व्हायोलिनच्या रेकॉर्ड कपाटात आहेत.

स्क्रू जुळवून पाच आठवडे झाले. यंत्र थंड असताना फेऱ्या शंभर भरतात. काल अर्धा तास चालवून, मोटर गरम झाल्यावर पुन्हा मोजल्या, तर एकशे एक आणि वर थोडे.