आईबरोबर बसून बघायची तर कोणती? ‘प्लॅनेट अर्थ’ की ‘लाइफ ऑन अर्थ’

परवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी दारातच विचारलं, “सासऱ्यांना दुपारी बघायला निसर्गावरची एखादी चांगली मालिका घ्यायची आहे. मुलगीही शेजारी बसेल. तुम्ही आईंना दाखवता ती कोणती?” उभ्या उभ्या काही सांगता आलं नाही. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही पूर्ण बघून झाल्या आहेत आणि त्यांतली एक आता दुसऱ्यांदा चालू आहे. ती कोणती आणि का, हे नीट सांगायला हवं म्हणून लिहितो.

दोन्ही बीबीसीच्या आणि दोन्हींत आवाज ब्रिटिश निसर्गनिवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचाच. ‘लाइफ ऑन अर्थ’ 1979 ची, 13 भागांची. ‘प्लॅनेट अर्थ’ 2006 ची, 11 भागांची. दुसरीची एक अमेरिकी आवृत्तीही आहे, तिचं निवेदन अभिनेत्री सिगॉर्नी वीव्हर यांचं आहे. तीही वाईट नसेल, पण घेताना आवाज कोणाचा ते बघून घ्या.

आता आमची बघायची रीत. आई 82 वर्षांची. तिचं वाचन दांडगं, पण इंग्रजी येत नाही आणि आमच्याकडच्या दोन्ही संचांचं निवेदन इंग्रजीत. रात्री जेवणं आटोपली की ती झोपाळ्यावर बसते, मी खाली सतरंजीवर, रिमोट हातात धरून. दोन-तीन वाक्यं झाली की थांबवायचं, तिला मराठीत सांगायचं, तिनं काही विचारलं तर उत्तर द्यायचं आणि पुढे जायचं. पन्नास मिनिटांचा भाग दीड तास चालतो. माझं मत जे काही आहे ते या दीड तासांतून तयार झालंय. एखादं वाक्य मोठ्यानं दुसऱ्या भाषेत सांगावं लागलं की त्यात किती ऐवज आहे ते चटकन कळतं.

‘प्लॅनेट अर्थ’ आम्ही आधी घेतली. चित्राबद्दल बोलायचं तर तिला तोड नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो. हाय डेफिनिशनमध्ये काढलेली बीबीसीची ही पहिली निसर्गमालिका. पाच वर्षं त्यावर काम चाललं होतं. हेलिकॉप्टरखाली बसवलेला, धक्के न जाणवणारा कॅमेरा त्यांनी असा वापरला आहे की रानकुत्र्यांनी आखलेली शिकार वरून नकाशासारखी दिसते. कोण कुठून वळणार, कोण दबा धरून आहे, सगळं. पाकिस्तानातल्या चित्रालच्या कड्यांवर हिमबिबट्या मारखोर या रानबोकडाच्या मागे सुटतो, तेव्हा आई झोपाळा थांबवून बसली होती. मारखोर शेवटी नदीत उडी घेऊन वाचतो. तिला बिबट्याचंही वाईट वाटलं.

आणखी एक गोष्ट या मालिकेच्या बाजूनं सांगायलाच हवी. खोल समुद्राच्या भागाच्या शेवटी निळा देवमासा येतो. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, तो बडोद्याच्या प्रत्येक मुलानं बघितलेला असतो. आईनं आम्हाला बोट धरून दाखवला, आम्ही आमच्या मुलांना. ती सगळी हाडं एकदम मांस-कातडीसकट पाण्यातून सरकताना दिसली आणि आई म्हणाली, “हा तो. एवढा मऊ असतो होय?” जुन्या मालिकेत असं डोळ्यांचं पारणं फेडणारं फार थोडं आहे.

गोड्या पाण्याच्या भागात आपल्याकडच्या मगरी आहेत. पाणमांजरांचं टोळकं मगरींना हैराण करून हुसकावतं. विश्वामित्रीच्या काठी जन्म गेलेल्या माणसाला हे दृश्य घरचंच वाटतं. पावसाळ्यात नदी चढली की मगर रस्त्यावर आल्याची बातमी इथे कोणाला नवी नाही. पण गंमत संपते न संपते तोच कॅमेरा दुसऱ्या खंडात गेलेला असतो. त्या मगरीबद्दल आईला सांगण्याजोगं माझ्याकडे काही उरत नाही.

इथूनच माझी तक्रार सुरू होते. खरं तर ती एकाच दृश्याची आहे.

पहिल्याच भागात हत्तींचा कळप आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटाच्या धुळीतून ओकावांगो नदीच्या पाण्याकडे निघालेला आहे. वादळ उठतं. एक पिल्लू कळपापासून तुटतं. वादळ निवल्यावर त्याला आईच्या पावलांचे ठसे सापडतात आणि ते त्या ठशांवरून चालू लागतं, पण उलट्या दिशेनं. कॅमेरा वर वर जातो, पिल्लू त्या पांढुरक्या मैदानात ठिपक्याएवढं होतं. निवेदक अगदी हळुवारपणे सांगतात की ते चुकीच्या वाटेनं निघालंय. पुढचं दृश्य.

मी थांबवून आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग? सापडली का आई त्याला?”

मी म्हटलं, पुढे येईल. आलं नाही. भाग संपला, त्यात काही नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा भाग लावला तेव्हा तिनं आधी तेच विचारलं. गवताळ मैदानांच्या भागात पुन्हा हत्ती आले तेव्हा ती पुढे सरकून बसली, पण ते हत्ती निराळे. मी तिला समजावलं की चित्रीकरण करणाऱ्यांनी मध्ये पडू नये असा त्यांचा दंडक असतो, आणि हेलिकॉप्टर तिथे किती वेळ थांबणार. ते तिला पटलं. तिचं म्हणणं वेगळं होतं. “मेलं असेल तर मेलं म्हणावं. असं वाटेवर सोडून जाऊ नये.”

तेव्हापासून मला ती मालिका जिथे तिथे वाटेवर सोडून जाताना दिसते. रचनाच तशी आहे. एक भाग डोंगरांचा, एक गुहांचा, एक वाळवंटांचा. प्रत्येक भागात जगभरातली दहा-बारा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं. मी भाषांतर करायचो तर माझ्या तोंडी पुन्हा पुन्हा तेच यायचं: सर्वांत मोठं, सर्वांत खोल, सर्वांत कोरडं, क्वचितच दिसणारं. आई “हो का” म्हणायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिनं “हो का” म्हणणंही सोडलं. नेहमीच असं होतं असं मात्र नाही. बर्फाच्या भागात भुकेलं ध्रुवीय अस्वल वॉलरसच्या कळपावर चालून जातं, जखमी होतं आणि आडवं होतं. त्याचा शेवट काय होणार हे ते सांगतात. आई त्या रात्री गप्प होती, पण अस्वस्थ नव्हती. डोंगरांच्या भागात कांड्या करकोचे हिमालय ओलांडतात, त्यांचं पुढचं मला स्वतःला ठाऊक होतं. हे पक्षी हिवाळ्यात आपल्या गुजरातेतच उतरतात, हे सांगितल्यावर तिला केवढं बरं वाटलं. म्हणजे त्या गोष्टीचा शेवट आमच्या घरातून पुरवावा लागला.

मग ‘लाइफ ऑन अर्थ’ मिळवली. पहिले दोन भाग, खरं सांगतो, जड गेले. चित्र चौकोनी, नव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, रंग विटलेले. शैवाल, जेलीफिश, प्रवाळ. आईला मध्येच डुलकी लागली. पण एक गोष्ट तिनं पहिल्या दिवशीच टिपली: “हा माणूस स्वतः जातो तिथे.” अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीच्या थरांतून तो खाली उतरतो आणि प्रत्येक थराबरोबर काळात मागे जातो, आईनं ते माझ्या मराठीची वाट न बघता हातांच्या खुणांवरून ओळखलं. नव्या मालिकेत नुसता आवाज आहे. तो आवाज फार सुंदर आहे, पण आवाज बोट दाखवू शकत नाही.

खरा फरक सहाव्या-सातव्या भागात कळला. सहावा बेडकांचा. त्यात डार्विनचा बेडूक आहे. त्याचा नर पिल्लं घशाखालच्या पिशवीत वाढवतो आणि तयार झाली की तोंडातून बाहेर टाकतो; तो एक क्षण टिपायला कॅमेरावाला शेकडो तास बसून होता. पण भाग त्या चमत्कारासाठी नाही. प्रश्न असा मांडलेला आहे की पाण्यातून जमिनीवर आलेल्या प्राण्याची पाण्याची गरज सुटली का? कातडी ओली राहायला हवी, अंडी ओली राहायला हवीत. बेडूक वेगवेगळ्या युक्त्या करतात आणि प्रश्न पुरता सुटत नाही, तिथे भाग संपतो.

आईनं अर्थातच विचारलं, “मग कोणाला जमलं?”

या वेळी मी “पुढे येईल” म्हटलं आणि पुढे आलं. सातवा भाग सरपटणाऱ्या प्राण्यांचा. पाणी आत धरून ठेवणारी खवल्यांची कातडी आणि कवचाचं अंडं, ज्याच्या आत पिल्लासाठी पाणी घरूनच दिलेलं. तिथंच एका उणिवेचाही हिशेब दिलाय: अंगात ऊब तयार करता येत नाही, ती उन्हातून घ्यावी लागते. मी एवढं सांगितलं आणि आई एकदम म्हणाली, “म्हणून त्या विश्वामित्रीतल्या थंडीत काठावर येऊन पडतात!” ऐंशी वर्षं तिनं पुलावरून मगरी बघितल्या आहेत. नव्या मालिकेत प्रत्यक्ष मगर होती आणि ती काही बोलली नव्हती. इथे सरडे आणि साप चालले होते आणि तिला तिची मगर समजली. माझ्यासाठी निकाल त्या रात्री लागला.

पुढे ही साखळी तुटत नाही. खवल्यांवरून पिसं, पिसांवरून पक्षी, मग सस्तन प्राणी. बाराव्या भागात रवांडातले गोरिला येतात. अ‍ॅटनबरो त्यांच्यात जाऊन बसतात, पिल्लं त्यांच्या अंगावर लोळतात. ते बोलणार होते अंगठ्याबद्दल, म्हणजे बोटांसमोर आणता येणाऱ्या अंगठ्यानं काय साधलं याबद्दल, पण तिथे कुजबुजत वेगळंच बोलून गेले. ते भाषांतर मी केलंच नाही. गरज पडली नाही.

उणिवाही सांगतो, कारण वहिनींची मुलगी नववीत आहे आणि ती विचारेल. विज्ञान 1979 वर थांबलेलं आहे. डायनोसॉर का संपले याचं उत्तर तापमानातल्या चढउतारांवर येऊन थांबतं. लघुग्रह आदळल्याची कल्पना अल्वारेझ या शास्त्रज्ञ पिता-पुत्रांनी मांडली ती 1980 मध्ये, मालिका येऊन गेल्यावर. पिसांचे ठसे असलेले चीनमधले डायनोसॉर 1996 मध्ये पुढे आले. गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीत डायनोसॉरची हाडं आणि अंडी सापडल्याला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती, आणि ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे तिथल्या डायनोसॉरचं नाव तर 2003 चं. मी स्वतः त्या जागी मालिका थांबवून हे सगळं सांगितलं, आणि पुढच्या रविवारी आईला गाडीतून रैयोलीला घेऊन गेलो. हे सांगणारं कोणी घरात नसेल, मूल एकटं बघणार असेल, तर जुनी मालिका देताना थोडा विचार करावा.

तसंच, टीव्ही मोठा असेल, आणि दिवसभराच्या कामानंतर कोणाला काही समजावत न बसता नुसतं बघायचं असेल, तर ‘प्लॅनेट अर्थ’च घ्यावी असं मीही म्हणेन. प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरण कसं केलं याची दहा मिनिटांची टिपणं आहेत, ती चुकवू नका. आईला ती फार आवडतात. तिथे निदान माणसं दिसतात आणि गोष्ट शेवटाला जाते. फक्त गुहांचा भाग जेवताना लावू नका. बोर्निओतल्या गुहेत वटवाघळांच्या विष्ठेचा डोंगर आहे आणि त्यावर झुरळांचा थर.

पण वहिनींचे सासरे आणि नात शेजारी बसणार आहेत, एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं असं होणार आहे. त्यांना मी ‘लाइफ ऑन अर्थ’चा संच काल नेऊन दिला. सुरुवात पहिल्यापासून करू नका, सहाव्या भागापासून करा, तेरापर्यंत जा, आणि ओढ लागली की मागे येऊन पहिले पाच बघा, असंही सांगितलं. ‘प्लॅनेट अर्थ’ही हवी आहे म्हणाल्या. तीही देईन. तिच्या पहिल्या भागात ते पिल्लू कुठे येतं ती मिनिटं कागदावर लिहून संचात घालून ठेवली आहेत, म्हणजे तेवढं पुढे ढकलता येईल.