व्ही गिटार गळ्यात घालून काढलेली एक लग्नसराई

गिटार गळ्यात अडकवायची आणि डावा हात सोडून द्यायचा. डोकं खाली पडतं का, विकत घेताना एवढं एक बघायचं असतं, आणि मी नेमकं तेच बघितलं नाही. नाशिकला एका पोराच्या घरी पलंगावर बसून दहा मिनिटं वाजवली, आवाज आवडला, साडेअकरा हजार मोजले आणि इंग्रजी V अक्षराच्या आकाराची काळीभोर व्ही गिटार गोधडीत गुंडाळून घरी आणली. बॅग नव्हतीच. तिचं रामायण पुढं येईल.

कंपनीचं नाव घेत नाही. मूळ आकाराची स्वस्तातली नक्कल आहे, अशा बऱ्याच मिळतात, आणि दुखणं एकट्या हिचं नाही.

मी दोंडाईचाचा. एरवी मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आणि लग्नसराईत बँडमध्ये गिटार. आमच्याकडं बँड गाडीवर असतो. मागं जनरेटर, वर भोंगे, कीबोर्ड, बेंजो, पॅड, आणि पुढं नाचणारी वरात. एकदा सुरू झालं की तीन तास गिटार खाली ठेवायची सोय नाही. एक गाणं संपत नाही तोच दुसऱ्याची चाल धरायची. नाचणारे थांबले की वाजवणाऱ्यांची इज्जत गेली.

व्हीचा नाद मला अमेरिकेतल्या ब्लूज गिटारवाल्या अल्बर्ट किंगमुळं लागला. तो डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायचा, जाड तार खाली आणि बारीक तार वर. दुसऱ्या गिटारला असं उलटं केलं की शिंग (म्हणजे अंगाचं मानेकडं पुढं आलेलं टोक), आवाजाची बटणं, सगळं नको तिथं येतं. व्हीची अंगयष्टी दोन्हीकडून जवळपास सारखी, त्यामुळं उलटी धरली तरी ती अंगावर नीट बसते. मी उजवाच आहे, मला त्याचा फायदा शून्य. पण हौसेला हिशोब नसतो.

पहिलं लग्न शहाद्याकडचं होतं. गाडीवर चढलो, पट्टा अडकवला, वाजवायला लागलो. अर्ध्या तासात डाव्या खांद्याखाली, पाठीच्या पात्यात कळ सुरू झाली. आधी वाटलं, झोप झाली नसेल. मग लक्षात आलं, मी तारा दाबत कमी होतो आणि गिटारची मान उचलून जास्त धरत होतो. हात जरा ढिला केला की गिटारचं डोकं जमिनीकडं. खालून नवरदेवाची आजी ओरडली, "हाई गिटार शे का कुऱ्हाड शे रे भाऊ?" मी हसलो, पण हात सोडून नमस्कार काही करता आला नाही. केला असता तर ती कुऱ्हाड बेंजोवाल्याच्या गुडघ्यावर बसली असती.

घरी येऊन आबांना दाखवलं. आबांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली, गिटारशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी ती दोन बोटांवर आडवी धरली, मागंपुढं सरकवली आणि म्हणाले, "गाडी धुरवर जड शे. मांगे सरकाड." बैलगाडीत ओझं पुढं जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं, मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते. दोन्हीच्या मधली जागा गाडीवान डोळ्यांनी ओळखतो. माझ्या गिटारचा बैल म्हणजे माझा डावा हात.

मग फूटपट्टी घेतली. तोल सापडला १९व्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, डोक्याकडून मोजायच्या), आणि पट्ट्याचं पुढचं बटणही जवळजवळ तिथंच, मानेच्या बुडाशी, तेही पाठीमागच्या बाजूला. म्हणजे टांगल्यावर डोक्याला अडवणारं काही नाही. शिवाय बटण मागं असल्यानं गिटारचं तोंडही पुढं कलायचं, सहा तारा रस्त्याकडं बघायच्या. आपल्या नेहमीच्या दोन शिंगांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचं वरचं शिंग जवळपास १२व्या फ्रेटपर्यंत पुढं जातं. ते शोभेसाठी नाही. बटण तिथं गेलं की सगळं वजन पट्ट्याच्या दोन टोकांच्या मध्ये आरामात बसतं. व्हीला शिंगच नाही, बटण पुढं न्यायचं तरी कुठं?

वजन केलं तर सगळी मिळून २.९ किलो. हलकी म्हणून मी खूश झालो होतो, तेच उलटं पडलं. अंग हलक्या बासवुड लाकडाचं आणि डोक्यावर तारा पिळायच्या सहा ओतीव, जाडजूड चाव्या. मूळ गिब्सन कंपनीची फ्लाइंग व्ही १९५८ सालची, कोरिना नावाच्या आफ्रिकन लाकडाची. तेव्हा ती लोकांना इतकी विचित्र वाटली की पहिल्या दोन वर्षांत शंभराच्या आतच बाहेर पडल्या. गंमत म्हणजे त्या जुन्या गिटारच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लावलेली असायची, बसल्यावर मांडीवरून घसरू नये म्हणून. आपली गिटार घसरणार हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! नकलेत ते रबर गायब.

बसून वाजवायचं म्हटलं तर पहिले चार दिवस मी ती नेहमीसारखी उजव्या मांडीवर ठेवत होतो आणि ती घसरगुंडीवरच्या पोरासारखी खाली जात होती. खरी रीत वेगळी आहे. व्हीच्या फटीत उजवी मांडी घालायची, खालचा पंख दोन्ही पायांच्या मध्ये येऊ द्यायचा आणि मान चांगली वर उचलायची. दिसायला अवघड दिसतं, घरच्यांनी तर खोलीचं दार लावून घेतलं. पण एकदा बसली की सुतारानं पाचर ठोकल्यासारखी घट्ट. बाकी कुठल्या गिटारवर मी इतका सरळ बसत नाही. आणि वरच्या फ्रेटना अडवणारं काहीच नसल्यानं २२व्यापर्यंत हात असा जातो की पहिल्यांदा मी चुकून त्याच्याही पुढं, तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपवर बोट आपटलं.

आता दुरुस्ती. पुढचं बटण पाठीवरून काढलं आणि वरच्या खांद्याच्या कडेवर बसवलं. ३ मिमीचं ड्रिल, स्क्रूला साबण, जुन्या भोकात काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल. तोंड खाली कलणं तिथंच थांबलं. मान पडणं मात्र अर्धंच कमी झालं.

मग चाव्या. जळगावला सराफ बाजारात आमचा एक जण कामाला आहे, त्याच्या काट्यावर जुन्या चाव्या ठेवल्या. सहांचे २५२ ग्रॅम. मागवलेल्या हलक्या सहांचे १७४. काट्यावर सोन्याऐवजी गिटारच्या चाव्या बघून शेठनं मान वर केली, पण काही बोलले नाहीत. ७८ ग्रॅम म्हणजे काही नाही असं वाटेल. पण चाव्या तोलाच्या जागेपासून ५२ सेंमी लांब आहेत. त्याआधी मी मासे पकडायच्या जाळ्याची शिशाची गोळी इन्सुलेशन टेपमध्ये गुंडाळून खालच्या पंखातल्या वायरिंगच्या खळग्यात बसवून पाहिली होती. तो खळगा तोलापासून २६ सेंमीवर, म्हणजे निम्म्याच अंतरावर. तिथं दुप्पट शिसं, १५६ ग्रॅम, टाकल्यावर जे होईल ते डोक्यावरून ७८ काढून होतं. खांद्याला शिसं घालण्यापेक्षा डोक्यावरचं ओझं उतरवलेलं बरं. गोळी काढून टाकली.

सगळ्यात जास्त गुण मात्र पट्ट्याचा. जुना नायलॉनचा होता, सदऱ्यावरून सर्रकन सरकायचा. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात गेलो, तिथं खोगीर-लगामवाल्यांच्या पालांवर घोड्याचे तंग, म्हणजे खोगीर आवळायचे पट्टे, मिळतात. चार बोटं रुंद, जाड कातड्याचा एक घेतला. विकणाऱ्यानं विचारलं, "घोडा केवढा आहे?" मी म्हटलं, "तीन किलोचा." गावात चप्पल शिवणाऱ्या काकांकडून दोन्ही टोकांना भोकं पाडून घेतली आणि कातड्याची खरखरीत बाजू आत ठेवली. आता हात सोडला की डोकं बोटभर खाली येतं आणि थांबतं. मे महिन्यात घामानं सदरा ओला झाला की पकड अजूनच वाढते, हा एकच फायदा मी आमच्या उन्हाळ्याचा सांगू शकतो. वजन तेच, पण रुंद पट्ट्यामुळं खांद्यावर वळ उठत नाही.

मध्यंतरी पॅसेंजरनं भुसावळला गेलो. तिथं रेल्वे कॉलनीत वाढलेला एक जुना मित्र आहे. शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंबं होती, गिटार त्यानं त्यांच्याच ओट्यावर शिकली. त्याच्याकडं गिब्सनच्याच एक्स्प्लोररच्या आकाराची एक आणि एसजीच्या आकाराची एक, दोन्ही नकला. एक्स्प्लोररही व्हीच्याच वर्षीची कल्पना, १९५८. दिसते वीज कोसळल्यासारखी, पण मागचा मोठा कोपरा तोल धरतो, उभं राहून हात सोडला तर जागची हलली नाही. मांडीवरही बसते. त्रास कोपराला. वरच्या कडेला उतार दिलेला नाही, अर्ध्या तासात हाताच्या आतल्या बाजूला लाल रेघ उमटली. माझ्यासारख्या बुटक्याला तर ती दाराएवढी वाटली.

एसजीकडं बघून वाटतं, हिच्यात काय वेगळं? दोन छान शिंगं, पातळ अंग. हात सोडला आणि डोकं धाडकन खाली! या आकाराची मूळ गिटार १९६१ ची. अंग पातळ, मान जास्तीत जास्त बाहेर काढलेली म्हणून वरच्या फ्रेटना हात मोकळा, आणि पट्ट्याचं पुढचं बटण मानेच्या बुडाशी पाठीवर. माझ्या व्हीची सगळी लक्षणं या साध्या चेहऱ्यात. मित्र म्हणाला, "मला कळतच नाही आता, हात आपोआप मानेखाली राहतो." त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडलाय. वीस वर्षांचा.

बिनडोक्याची गिटारही पुण्यात एका दुकानात हाताळून पाहिली. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरनं ही तऱ्हा रूढ केली. डोकंच कापून टाकायचं, चाव्या मागं, तारा जिथं अंगावर टेकतात त्या पुलापाशी. तोलाची तक्रार नावाला नाही, वजनही कमी. पण वरातीत ती घेऊन उभा राहिलो तर बेंजोवाला म्हणेल, डोकं पुण्याला विसरला का? किंमतही दोन व्हींएवढी. नाही घेतली.

तर ही व्ही घ्यावी का? उभं राहून वाजवणार असाल, ड्रिल चालवता येत असेल आणि दोन-अडीच हजार वेगळे काढलेले असतील, तर घ्या. बसून शिकवणी घेणाऱ्यांनी लांब राहावं, समोरच्या पोराला सारखं "फटीत मांडी घाल" म्हणत बसावं लागेल. गाडीवर जागा कमी असेल तर शेजाऱ्याची परवानगी आधी घ्या. वरचा पंख माझ्या कीबोर्डवाल्याच्या बरगडीत इतक्या वेळा गेला की तो आता माझ्या डाव्या बाजूला उभा राहतो. तिकडं चाव्यांचं डोकं त्याच्या कानापाशी येतं, पण तो त्याचा प्रश्न आहे. एका गोष्टीला मात्र माझ्याकडं उपाय नाही. ४४ अंशांत गाडी उन्हात उभी राहिली की दर दोन गाण्यांनी सूर तपासावा लागतो. नव्या चाव्यांनीही त्यात फरक पडलेला नाही.

आणि बॅग. आमच्याकडच्या बाजारातल्या कुठल्याच बॅगेत ती मावत नाही. एसटीत वरच्या फळीवर आडवी ठेवली की पंख बाहेर, उभी ठेवली की कंडक्टर अर्ध्या तिकिटाच्या गोष्टी करतो. शेवटी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडं गिटार नेली. त्यानं ती ताडपत्रीवर उताणी ठेवली, खडूनं कडेकडेनं रेघ मारली, आतून जुन्या गोधडीचा अस्तर घातला आणि साडेतीनशे रुपयांत बॅग शिवून दिली. चेन मात्र त्यानं मानेकडून लावलीय, त्यामुळं गिटार आत घालताना मागचे दोन्ही पंख आधी कोंबावे लागतात. पुढच्या आठवड्यात परत नेऊन उसवायची आहे.